आप्पांच्या गाडीचं ढिलं स्टेअरिंग

रविवारी अक्कलकोट रोडला माझी चांगलीच जिरली. वडिलांसमोर जिरली, आणि त्यांनी एक वाकडा शब्दही न काढता जिरली... म्हणून जास्त लागली.

आधी थोडं मागचं सांगतो. आप्पा म्हणजे माझे वडील. भुसार मालाचं दुकान बंद केल्यापासून त्यांचा एकच नेम होता, दर सोमवारी आमची जुनी गाडी काढायची आणि वळसंगच्या पुढं राहणाऱ्या माझ्या आत्याला भेटून यायचं. आत्या आता अंथरुणाला खिळलीय. दोघं बहीणभाऊ दुपारभर कानडीत गप्पा मारतात, एकमेकांची औषधं तपासतात आणि त्यावरून भांडतातही.

दिवाळीनंतर आप्पा म्हणायला लागले, स्टेअरिंग मोकळं फिरतंय, एकदा दाखवून आण. मी गाडी फारशी चालवत नाही, आपली बाईक बरी. पण अक्कल पाजळायला काय जातंय? टायरमध्ये हवा कमी असेल, म्हटलं. परत म्हणाले तेव्हा, तुमचे खांदे दुखतात म्हणून तसं वाटतं, असं सांगून हात झटकले.

मग एक दिवस गाडी गेटातून आत घेताना बंपर शेजारच्या काकूंच्या कुंड्यांना लागला. कुंड्या फुटल्या, बाकी काही नाही. मी धावत बाहेर आलो आणि आप्पा अजून गाडीतच बसलेले असताना काकूंना मोठ्यानं म्हणालो, "जाऊ द्या हो काकू, वय झालंय आता त्यांचं."

तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला लई हौस! इथंच फेसबुकवर एक पोस्ट टाकली, आप्पांचं ड्रायव्हिंग आणि गल्लीतल्या कुंड्यांची दैना... तुम्ही सगळे पोट धरून हसलात. मीही एकेका कमेंटला रंगवून रंगवून उत्तरं दिली.

आप्पा फेसबुकवर नाहीत, पण त्यांच्यासोबत सकाळी फिरायला येणारे मित्र आहेत. त्यांनी ती पोस्ट आप्पांना वाचून दाखवली म्हणे. आईनं मला हे सांगितलं तेव्हाही मी हसण्यावारी नेलं.

गाडीची किल्ली मी माझ्या बॅगेत ठेवायला लागलो. आप्पांचे डोळे तपासून आणले, डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे... तरी किल्ली बॅगेतच. आप्पांनी ती एकदाही मागितली नाही.

आत्याकडं मी नेतो, असं म्हणायचो. पण माझा रविवार कधी रिकामा असतोय? तिचा फोन आला की आप्पा बाल्कनीत जाऊन बोलायचे. "यावाग बर्ती?" कधी येतोस, एवढंच ती विचारायची. आप्पा सांगायचे, पोराला सवड झाली की येतो.

शेवटी या रविवारी पोराला सवड झाली. आप्पांना शेजारी बसवून निघालो. शहरात गाडी हळू होती, काही जाणवलं नाही. चौपदरीवर स्पीड घेतला आणि गाडी या लेनमधून त्या लेनमध्ये जायला लागली. स्टेअरिंग फिरवावं तर आधी काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम जास्तच वळायची. मागून एका ट्रकनं असा हॉर्न दिला की माझी पाचावर धारण बसली.

आप्पा वरचं हँडल धरून बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, रस्ता खराब आहे.

"रस्ता तर चांगला हाय की," आप्पा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खिडकीतून खरंच एकदा रस्त्याकडं बघून घेतलं होतं.

पुढं जायची माझी छाती झाली नाही. गाडी वळवली आणि जीव मुठीत धरून घरी आणली. आत्याची भेट परत राहिली... फोन करून तिला आप्पांनीच सांगितलं.

सोमवारी सुट्टी टाकून गाडी आमच्या नेहमीच्या रफीकभाईंकडं नेली. आप्पाही आले. मी सीटवर बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडं हलवत होतो आणि रफीकभाई खाली झोपून बघत होते. स्टेअरिंग हातात चांगलं चार बोटं फिरत होतं, चाक मात्र जागचं हलत नव्हतं. खालून नुसता खट खट आवाज.

स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा सांधा पार झिजला होता. टायरही आतल्या बाजूनं खाल्लं गेलं होतं. अजून काही दिवस अशीच पळवली असती तर सांधा निखळला असता, असं रफीकभाई म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, हे एका दिवसात होत नाही, इतके दिवस कुणाला कळलं कसं नाही?

मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले.

"माझ्याच ध्यानात आलं न्हाय रफीक. पोरगं बिचारं कामात असतंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि सर्वांत लाज कशाची वाटते सांगू? मी तेव्हाही गप्प बसलो. चारचौघांत आप्पांची चेष्टा करायला माझी जीभ भारी चालली होती, खरं सांगायच्या वेळी ती हललीच नाही.

म्हणून आज लिहितोय. आप्पांनी मला वारंवार सांगितलं होतं. त्यांचे हात ठीक होते, नजर ठीक होती. ती जुनी पोस्ट मी काढून टाकलीय, काकूंना जाऊन खरं काय ते सांगून आलोय. आप्पांचीही माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे, चहा घे."

नवे सांधे बसले, अलाइनमेंट झाली, किल्ली आप्पांच्या हातात दिली. आज सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"अक्काकडं जाऊन येऊ का रे?"

मला गाडी ज्यांनी शिकवली, ते आप्पा मला परवानगी मागत होते. मी म्हटलं, आप्पा, तुमची गाडी, तुमची बहीण, मला काय विचारताय? ते म्हणाले, "तसं न्हवं... इचारलेलं बरं."

गाडी गेटातून सरळ बाहेर गेली. स्टेअरिंगचं काम रफीकभाईंनी एका दिवसात केलं. पण माझ्या दारात येऊन थांबायची ही सवय आप्पांना मी लावलीय, आणि ती मोडायची कशी ते मला खरंच कळत नाही.