माझं कुंकू चाचांच्या खिशात

चाचांचा डावा हात कायम कोटाच्या खिशात असायचा. साहेबापुढे उभे असोत की भद्रकालीच्या बाजारात भाजी घेत असोत, तो हात बाहेर निघायचा नाही. लोकांना वाटायचं, माणूस मिजासखोर. कारण निराळंच होतं. चालू विजेजवळ दोन्ही हात न्यायचे नाहीत. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली तर वाटेत काळीज लागतं, असं ते सांगायचे. "एक हात कामाचा, दुसरा घरवालीचा," हे त्यांचं पालुपद. घरवाली केव्हाच अल्लाघरी गेलेली, तरी तिच्या वाटणीचा हात ते सांभाळून होते.

आता हे मला कसं ठाऊक, तर ऐकून ऐकून. लग्न होऊन मी नाशकात आले ती एकोणीसशे तिसाच्या पुढची सालं. गावात वीज नवी होती, तीही मोजक्या घरांत. आमचे हे पॉवरहाउसमध्ये स्विचबोर्डावर कामाला, आणि चाचा तिथले हेडमिस्त्री. नवी नवरी मी. वाटायचं, नवरा घरी आला की माझ्याशी चार शब्द बोलेल. बोलायचे की, भरपूर बोलायचे, पण चाचा असं म्हणाले, चाचांनी तसं केलं, एवढंच. मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले तर म्हणाले, चाचांनी आज मीटरचा काटा नुसता बघून सांगितलं की पंचवटीच्या लायनीवर कुठंतरी झाड टेकलंय. माझ्या साडीवर कुठला काटा हलायला.

पुढे पुढे तर चालसुद्धा चाचांसारखी झाली. धोतरावरच्या कोटाला यांनी मुद्दाम खोल खिसा शिवून घेतला आणि डावा हात त्यात घालून फिरू लागले. सत्यनारायणाला भटजी म्हणाले, यजमान, दोन्ही हात जोडा, तेव्हा कुठं तो बाहेर आला. सासूबाई हसल्या. मला मात्र हसू येईना. बाईनं नवऱ्याला नादी लावलं तर निदान चारचौघींत बोलता तरी येतं. पांढऱ्या दाढीच्या मिस्त्रीवर जळते, हे कुणाला सांगणार?

एकदा चाचा घरी आले. मी पितळी पेल्यात चहा दिला. त्यांनी पेला उचलण्याआधी त्याला हाताची उलटी बाजू हळूच लावून पाहिली. माझं डोकंच फिरलं. त्या काळी मुसलमान पाहुण्याला कप वेगळा ठेवायची रीत होती घरोघर. मी ती मोडून रोजच्या वापरातला पेला दिला, आणि हा गृहस्थ तो तपासून बघतो? माझं तोंड बघूनच ते समजले. म्हणाले, "सूनबाई, रागावू नका. सवय आहे. वीज लागली की मूठ मिटते, धरलेलं सुटत नाही. उलट्या हाताला लागली तर हात मागं येतो. आता कुठलंही भांडं दिसलं तरी हा हात ऐकत नाही." पुढं काय व्हायचं ते झालंच. आठ दिवसांत हेही माझ्या तांब्या-पातेल्यांना उलटा हात लावून मग उचलायला लागले. म्हणजे मी घासलेली भांडीसुद्धा आता चाचांच्या हुकमात.

त्याच सुमारास माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निरोप धाडला. त्यांचं तांबटांच्या आळीत भांड्यांचं दुकान. मुलगा नव्हता. जावईबापूंनी गादीवर बसावं, असं त्यांच्या मनात. मी हरखले. विजेची धास्ती जाईल, दुपारी नवरा जेवायला घरी, आणि मुख्य म्हणजे मध्ये चाचा नाहीत. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाचांना विचारतो." माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. माझ्या बापाचं दुकान, माझा नवरा, आणि कौल लावायचा तो चाचांना!

विचारायचं राहूनच गेलं, कारण तो शुक्रवार आला. दुपारी बोर्डाचा एक भाग बंद करून पुसायची पद्धत होती. चाचांचा नेम असा, की नुसता दांडा खाली ओढून भागायचं नाही. चिनी मातीच्या मुठीचे फ्यूज उपटून खिशात घालायचे, आणि आतला माणूस स्वतः बाहेर येऊन मागेल तेव्हाच परत लावायचे. त्या दिवशी हे बोर्डामागं दोन्ही हात घालून पुसत होते. जुम्म्याची वेळ झाली. चाचा फ्यूज खिशात घेऊन नमाजाला गेले. इकडे नव्या साहेबाच्या बंगल्यावर पाहुणे, आणि बंगल्याची लायन त्याच भागावर, म्हणून पंखा बंद. साहेब तणतणत आला आणि मागं कोण आहे हे न बघता त्यानं दांडा वर ढकलला.

काही झालं नाही. फ्यूज मशिदीत होते.

साहेबानं शिपाई पिटाळला. चाचा नमाज पुरी करूनच आले. साहेब ओरडत होता, तिकडं त्यांनी पाहिलंही नाही. यांना बाहेर बोलावलं, दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाले, "आता माग."

हे घरी येऊन हसत हसत सांगत होते. वडाला फेऱ्या मी घालायच्या, उपास मी करायचे, आणि माझं कुंकू राहिलं कुठं, तर चाचांच्या खिशात. वाचला याचा आनंद होताच हो, पण वाचवणारी मी नव्हते, हेही डाचत होतं. दुसऱ्या दिवशी मीच अण्णांकडे गेले आणि सांगितलं, हे यायचे नाहीत. अण्णा म्हणाले, तूच मागं लागली होतीस ना गं? मी म्हटलं, हो. पण तिथं त्यांना जपणारा माणूस आहे, दुकानात कोण आहे?

चाचा थकले तेव्हा लेकीकडे मालेगावला निघाले. आदल्या दिवशी आमच्याकडे आले, यांच्याशी बोललेच नाहीत फारसं. मला म्हणाले, "सूनबाई, पोरगा तुमच्या हवाली." मनात आलं, होता कुणाचा? पण पाया पडले. वर्षाच्या आत ते गेल्याची खबर आली. हे मातीला जाऊन आले आणि गप्प झाले. जेवायला बसत, दोन घास खाऊन उठत. आता नवरा सगळाच्या सगळा माझा होता, आणि माझ्याजवळ त्याच्याशी बोलायला काही नव्हतं.

शेवटी एके दिवशी भाकरी वाढता वाढता मीच म्हटलं, "अहो, चाचांची ती पंचवटीच्या झाडाची गोष्ट, ती कशी हो होती?" यांनी मान वर केली. मग सुरूच झाले. बोलता बोलता दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. त्यानंतर रोज मी एक आठवण काढून द्यायची आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून ऐकायची. ऐकताना जळायचे, अगदी पहिल्यासारखी. पण वाढायची थांबले नाही.