ऑपरेशनआधीचा शिरा

पत्नी गेल्यापासून मी देवाशी बोलत नव्हतो. भांडण असं नव्हतं, नुसता अबोला. मुलीच्या, अदितीच्या, रक्ताच्या कर्करोगावर केमो सुरू झाली तेव्हाही तो सुटला नाही.

एका सकाळी अदितीला ताप भरला आणि पोटात उजवीकडे खाली कळा सुरू झाल्या. फरीदाबादच्या आमच्या घराजवळच्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली. सर्जन म्हणाले, अपेंडिक्स वाटतंय. दुपारी ऑपरेशन करू, तोवर पोटात काही जाऊ देऊ नका. मी मान डोलावली.

शेजारच्या कॉटवरच्या रुग्णाची पत्नी डबा घेऊन आली. आमचं बोलणं ऐकून खुलली. "मराठी का तुम्ही? अगं बाई! घरी सत्यनारायण केला आज. घ्या, नाही म्हणायचं नाही."

प्रसादाला नाही म्हणू नये, हे पत्नीने माझ्यात इतकं मुरवलं होतं की हात आपोआप पुढे झाला. केळं घातलेला गरम शिरा. वासानेच अदितीचे डोळे उघडले. "आईसारखा," म्हणाली, आणि दोन घास खाल्ले. प्रसाद म्हणजे खाणं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, खाल्लं काही नाही, फक्त प्रसाद. त्यांनी कपाळाला हात लावला. "अंकल, प्रसाद भी खाना ही होता है!" ऑपरेशन संध्याकाळवर गेलं. लाजेने मला मान वर करवेना.

त्या रिकाम्या वेळात सीटी स्कॅन झाला, रक्ताचे अहवाल आले, कर्करोगाच्या डॉक्टरांशी फोन झाला. मग सर्जन आले ते खुर्ची ओढून बसले. अपेंडिक्स ठीक होतं. केमोने पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात संसर्ग झाला होता. दुखणं मात्र हुबेहूब अपेंडिक्सचं. अशात पोट उघडणं तिच्या जिवावर बेतलं असतं. "अच्छा हुआ, रुक गए," ते म्हणाले. पोटाला विश्रांती आणि सलाइनमधून औषधं, एवढ्यावर ताप हळूहळू उतरला. पेशीही वाढू लागल्या.

मी त्या बाईंना सगळं सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. "अहो, साखर जास्त पडली म्हणून मी मेली संकोचत होते!"

त्या दुपारी काय घडलं, याचा अर्थ लावायला मी बसत नाही. सावधपणे सांभाळायचं ते माझ्या हातून निसटलं, आणि कुणीतरी ते झेललं. एवढं कळलं, ते पुरे.

घरी आल्यावर मी पहिल्यांदाच शिरा केला, अदितीच्या आईच्या तसबिरीपुढे आणि देवापुढे ठेवला. अबोला कधी सुटला, कळलंच नाही. रवा जरा करपला होता.

"बाबा, आईचा असा नव्हता हं," अदिती म्हणाली, आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली.