कांचन आणि अर्धसरंजामी

पोस्टर चिकटवायची खळ कांचन स्वतः शिजवायची. वसतिगृहाच्या खोलीत लपवून ठेवलेल्या शेगडीवर एक जुनं पातेलं चढायचं, मैदा ढवळून ढवळून घट्ट व्हायचा, आणि शेवटी ती त्यात मोरचूद टाकायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्या निळसर खळीवर वाकलेली. हे विषारी नाही का, असं मी घाबरून विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "हाय नं. म्हणूनच तं टाकून राह्यली. इथल्या शेळ्या साऱ्यायचे पोस्टर खाऊन टाकतात. आपल्याले तोंड लावत नाईत." तिच्या वडिलांचं तळेगावला कृषी केंद्र होतं. संत्र्याच्या झाडांसाठी मोरचूद आणि चुना विकण्यात तिचं बालपण गेलं होतं, आणि त्या दुकानातून ती दोन गोष्टी घेऊन विद्यापीठात आली होती. एक मोरचूद, आणि दुसरी, समोरच्याला नेमकं काय हवंय ते ऐकून घ्यायची सवय.

मी हे रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. शांत झाल्यावर लिहावं म्हणून काही वर्षं थांबले. शांत झाले नाही.

आमचं विद्यापीठ सेलू आणि केळझरच्या मधे, हमरस्त्याला लागून. मी बोरगाव मेघेहून रोज बसनं यायची-जायची. कांचन वसतिगृहात राहायची, समाजशास्त्रात पीएच.डी. करायची. विषय होता आष्टी तालुक्यातले आठवडी बाजार. आमची विद्यार्थी संघटना डावी. लाल झेंडा, डफ, आणि दर शनिवारी अभ्यासवर्ग. अभ्यासवर्गात कांचन चक्क झोपायची. आमचे सचिव प्रफुल्लभाऊ त्यावर नाराज असायचे. प्रफुल्लभाऊ म्हणजे संघटनेतला सगळ्यात वाचलेला माणूस. बोलायला उभे राहिले की निदान तीन देशांच्या क्रांत्या होऊन मगच खाली बसत. ते थांबले की कांचन डोळे उघडून विचारायची, "ते बरोबर हाय भाऊ. पण ह्याच्यात पोरायले काय भेटन?" हा तिचा ठरलेला प्रश्न. भाऊ हसून सोडून द्यायचे. तिला तत्त्व कळत नाही, असं तिच्या माघारी म्हणायचे. तिच्या तोंडावरही एकदा म्हणाले. "नसन कळत," ती म्हणाली, "पण हॉस्टेलच्या दीडशे पोरी मले वळखतात. तुमाले किती वळखतात?"

ती फुशारकी मारत नव्हती, खरं तेच बोलत होती. मुलींना ती नावानं ओळखायची, कुणाचं घर कुठं, कुणाची शिष्यवृत्ती अडकली, कुणाला घरून लग्नाचा तगादा आहे, सगळं. मत मागायला गेली तरी आधी खाटेवर बसून अर्धा तास ऐकायची. मला म्हणायची, "नलू, गिऱ्हाईक दुकानात आलं का आपण बोलाव नाई. त्याले बोलू द्याव. तो काय घ्याले आला ते त्याचं त्यालेबी बोलता बोलताच समजते."

त्या उन्हाळ्यात मुलींच्या वसतिगृहाचं पाणी आटलं. वर्ध्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. अर्ज झाले, निवेदनं झाली. आमच्या संघटनेनं पाण्याच्या खाजगीकरणावर परिसंवाद घेतला. इकडे कुलगुरूंच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर मात्र सकाळ-संध्याकाळ फवारा चालू. एका सकाळी कांचन मुलींना घेऊन निघाली, प्रत्येकीच्या हातात बादली आणि मळके कपडे. हिरवळीवर बसून त्यांनी धुणं धुतलं आणि बंगल्याच्या कुंपणावर सलवारी, ओढण्या, गाऊन ओळीनं वाळत घातले. दिल्लीहून कुणी मोठे पाहुणे त्याच वेळी गाडीतून उतरले. सुरक्षा अधिकारी ओरडत आला. त्याला कांचन म्हणाली, "साहेब, वाळू तं द्या. ओले कसे नेऊ?"

दोन दिवसांत वसतिगृहाला पाणी आलं. आणि कांचनला नोटीस आली. संस्थेची प्रतिमा मलिन केल्याबद्दल तिची नोंदणी रद्द का करू नये?

आता नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. शिस्त समितीत पाच जागा. दोन प्राध्यापक तिच्या बाजूचे होते, दोन विरुद्ध. पाचवी जागा विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाची. ती वर्षानुवर्षं रिकामी होती, कारण आमच्याकडे निवडणुकाच होत नव्हत्या. गुणवत्तेवर नेमलेला एखादा गरीब बिचारा मुलगा स्नेहसंमेलनात पुष्पगुच्छ द्यायला उभा राहायचा, तेवढंच; समितीत त्याला जागा नसे. पण त्याच वर्षी, बऱ्याच आंदोलनांनंतर, निवडणूक जाहीर झाली. समितीची बैठक निवडणुकीनंतर ठेवली होती. म्हणजे आमचा अध्यक्ष निवडून आला तर कांचन राहील, नाहीतर जाईल. इतकं सरळ. ती स्वतः उभी राहिली असती तर डोळे मिटून निवडून आली असती, पण नोटीस असलेल्याला अर्ज भरता येत नव्हता.

नोटिशीचं कळल्यावर तिचे वडील आले. पांढरा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. त्यांना मुलगी काय करते ते धड माहीत नव्हतं, पण ती डॉक्टर होणार हे सगळ्या तळेगावला त्यांनी सांगून ठेवलं होतं. प्रफुल्लभाऊंच्या हातात पिशवी देत म्हणाले, "पोरीचं नाव तं नाई कटत नं, भाऊ?" प्रफुल्लभाऊंनी त्यांचे हात हातात घेतले. "काकाजी, कांचन एकटी नाही. सगळी संघटना तिच्या पाठीशी आहे." मी शेजारीच उभी होते. वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

अडचण एकच होती. विद्यापीठात डाव्या संघटना दोन होत्या. दुसरीचं नाव मंच. ती काही वर्षांपूर्वी आमच्यातूनच फुटलेली. तिचा प्रमुख अविनाश, प्रफुल्लभाऊंचा एकेकाळचा खोलीसोबती. दोघांचे झेंडे लाल, दोघांची गाणी तीच, डफ तर एकच, आलटून पालटून वापरायचा. आपण वेगळे लढलो तर प्रशासनाच्या मर्जीतलं, सत्ताधाऱ्यांचं पॅनल आरामात येईल, हे कँटीनवाल्यालाही दिसत होतं. म्हणून कांचननं दोघांना एकत्र बसवलं, कँटीनमागच्या टिनाच्या शेडखाली. दुपारी बसलो. पहिल्याच तासात तिनं अध्यक्षपदाचा प्रश्न सोडवला. "अध्यक्ष मंचाचा घ्या. बाकीच्या जागा आपण घेऊ. खुर्ची कोणालेही जाऊ द्या, त्याचा हात माह्या बाजूनं वर झाला म्हंजे झालं." प्रफुल्लभाऊंचा चेहरा जरा उतरला, पण ते कबूल झाले. पाणी, बस, शिष्यवृत्ती, वाचनालय, सगळ्या मागण्या ठरल्या. संयुक्त पर्चा मी तिथंच टाईप करत होते.

मग अविनाश म्हणाला, पर्च्याच्या सुरुवातीला देशाच्या परिस्थितीवर एक वाक्य हवं. त्यानं ते सांगितलं. त्यात एक शब्द होता, अर्धसरंजामी. देशातली व्यवस्था अर्धसरंजामी आहे.

प्रफुल्लभाऊ म्हणाले, व्यवस्था भांडवली आहे.

हसू नका. मी तिथं होते. पुढचे कित्येक तास माझ्या डोळ्यांसमोर दोन सुशिक्षित, प्रामाणिक, पोलिसांच्या लाठ्या खाल्लेली माणसं त्या एका शब्दावर भांडली. तो शब्द घातला तर आमची विश्लेषणाची बैठकच ढासळते, असं भाऊ म्हणत. नाही घातला तर आम्ही फुटलो ते मग कशासाठी, असं अविनाश म्हणे. त्या शेवटच्या प्रश्नात तरी काही अर्थ होता. ऊन कललं, कँटीनवाल्यानं खुर्च्या उलट्या करून ठेवल्या. कांचन इतका वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे वाक्यच काढून टाका नं बाप्पा. दोघायचंबी. पाण्याचं लिहा, बसचं लिहा. ह्या वाक्यानं पोरायले काय भेटन?"

त्या दिवसभरात प्रफुल्लभाऊ आणि अविनाश यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते त्या क्षणी. ही तत्त्वशून्य तडजोड आहे, असं दोघंही एकाच दमात म्हणाले.  कांचन हळू आवाजात म्हणाली, "अरे, माह्यं नाव कटून राह्यलं." अविनाश म्हणाला, "कॉम्रेड, प्रश्न एका व्यक्तीचा नाही." आणि प्रफुल्लभाऊंनी मान हलवली. तळेगावची संत्री खाल्लेल्या प्रफुल्लभाऊंनी.

दुसऱ्या दिवशी दोन पर्चे निघाले. दोन्हींत तेच पाणी, तीच बस, त्याच मागण्या, मी टाईप केलेल्या त्याच क्रमानं. फरक वरच्या एका वाक्याचा. अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार, अविनाश आणि प्रफुल्लभाऊ.

मी कांचनला म्हटलं, सोड यांना, दोघांनाही. ती खळ शिजवत होती. "अन् मंग कोण हाय माह्यं?" तिनं विचारलं. ती प्रफुल्लभाऊंसाठी खोल्याखोल्यांत फिरली. मुली विचारायच्या, ताई, दोघांत फरक काय? गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारी कांचन दोन्ही पर्चे शेजारी ठेवून फक्त वरच्या वाक्यावर बोट ठेवायची. अर्ध्या मुलींनी तिला बघून भाऊंना मत दिलं, अर्ध्यांनी वैतागून अविनाशला. पॅनलचा मुलगा निवडून आला. आमच्या दोन्ही उमेदवारांची मतं एकत्र केली असती तर त्याच्यापेक्षा कितीतरी वर गेली असती. त्या मुलाशी माझं वैर नाही. त्याला वरून सांगितलं तसं त्यानं समितीत केलं. कांचनची नोंदणी रद्द झाली. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

इथं संपलं असतं तर मी एव्हाना शांत झाले असते. पण आमच्याकडे पराभवानंतर आत्मटीकेची बैठक घ्यायची रीत आहे. चांगली रीत आहे. आपलं काय चुकलं ते आपणच सगळ्यांसमोर बोलायचं. प्रफुल्लभाऊंनी ठराव लिहूनच आणला होता. पराभवाची कारणं त्यात होती: प्रशासनाची दडपशाही, पैशाचा वापर, मंचाची संकुचित भूमिका. आणि शेवटी एक ओळ. कॉम्रेड कांचन यांनी स्वतःचा व्यक्तिगत प्रश्न संघटनेच्या राजकीय भूमिकेच्या पुढे ठेवल्यामुळे संभ्रम निर्माण झाला.

मी उठून बोलले. काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं; ऐकून घेण्यात ते पटाईत होते. मग म्हणाले, ठराव मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत. एकेक करत हात वर गेले. खाली बघत, पण गेले. शेवटी कांचनचाही गेला. स्वतःला दोषी धरणाऱ्या ठरावावर तिनं हात वर केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "नलू, कर नं वर." मी केला नाही. इतिवृत्तात माझी नोंद 'एक सदस्य तटस्थ' अशी झाली. मी तटस्थ नव्हते. आजही नाही.

वर्ध्याच्या बसस्थानकावर तिला सोडायला मी एकटीच गेले. तळेगावची गाडी लागली होती. ट्रंक आत ढकलून ती खिडकीशी बसली, आणि खाली उभी राहून मी विचारलं, "काऊन केला हात वर?"

"नसता केला तं तू बाहेर पडली असती," ती म्हणाली. "दहा-पंधरा पोरी घेऊन पडली असती. माह्या नावानं तिसरी संघटना काढली असती तुनं. अन् पुढच्या वर्षी तीन पर्चे निंघाले असते."

खरं होतं. मुलींची नावंसुद्धा माझ्या मनात ठरली होती.

"अन् तुह्यं पीएच.डी.?"

"ते तं गेलंच." गाडी सुरू झाली. "राग नको धरजो त्यायचा. आपलेच हायत."

ती आता तळेगावचं दुकान बघते. वडिलांनी पीएच.डी.चा विषय पुन्हा कधी काढला नाही, असं ती म्हणते. प्रफुल्लभाऊ आणि अविनाश दोघंही प्राध्यापक झाले, दोघांच्याही पीएच.डी. पुऱ्या झाल्या. गेल्या महिन्यात नागपूरला एका चर्चासत्रात ते एकाच मंचावर शेजारी शेजारी बसले होते. विषय होता विद्यार्थी चळवळीतली एकजूट. चहाच्या वेळी प्रफुल्लभाऊ माझ्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून विचारलं, "आपली ती कांचन काय करते गं हल्ली? चांगली कार्यकर्ती होती. मधेच सोडून गेली."

मी खांदा सोडवून घेतला. कांचनचं सगळं ऐकत आले, 'राग नको धरजो' हे एक ऐकायला मला जमलेलं नाही. परक्यांनी तिचं नाव कापलं असतं, तर मी केव्हाच विसरले असते.