दहा थाऊंचा झोळ

सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा मी दूध तापवत होतो. धुळ्याहून नथूनानांची मुलगी सुनंदा बोलत होती. "काका, नाना गेले... पहाटे, झोपेतच." मी गॅस बंद केला. मग तीच म्हणाली, "परवाच तुमचं नाव काढलं होतं. म्हणाले, त्या केमिस्टनं यंदाचं रीडिंग अजून धाडलं नाही." मला नको त्या वेळी हसू फुटलं, आणि पलीकडे रडता रडता तीही हसली. याला आता सहा आठवडे झाले. हे रीडिंग म्हणजे माझ्या गिटारच्या मानेचं. ते प्रकरण सांगितल्याशिवाय मला नाना सांगता येणार नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी दीपनगरच्या वसाहतीत राहत होतो. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे आणि आकडे वहीत लिहायचे, हे माझं काम. नाना शेजारच्या क्वार्टरमध्ये. टर्बाइनचे फिटर, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे, मूळचे धुळ्याजवळच्या खेड्यातले. घरात, बाजारात, साहेबांसमोर, सगळीकडे अहिराणीच बोलायचे. उजवा कान लहानपणी गोवरात गेला होता आणि डावा निम्माच चालत होता. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलायचं.

शाळेत मला प्रार्थनेच्या गटातून काढलं होतं. खरं म्हणजे काढलंही नव्हतं, सर म्हणाले होते, "तू नुसते ओठ हलव." ते वाक्य मी एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत विसरलो नव्हतो. म्हणून मुंबईच्या मामांनी त्यांची जुनी गिटार देऊ केली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ती मे महिन्यात आली, चादरीत गुंडाळून, एस.टी.च्या टपावर, दिवसभर ऊन खात. सोबत चौदा धड्यांचं पुस्तक होतं. दोन महिन्यांत मी तिसऱ्या धड्यापर्यंत पोचलो. तारा इतक्या उंच की दाबताना बोटांत रुतायच्या. एक सूर धड लागला तर पुढचे तीन मुके. बायको, शैला, भाजी निवडता निवडता म्हणायची, "अहो, तुमच्या बोटांत आकडे आहेत, सूर नाहीत." मी चिडून पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतरच्या कार्यक्रमात नाव देऊन आलो. मनाशी ठरवलं, त्या दिवशी जमलं तर जमलं. नाहीतर गिटार मामांकडे परत, आणि या आयुष्यात गाण्याचा विषय बंद.

जुलैच्या अखेरीस एका रविवारी नाना वाटी परत करायला आले. मी बोटं फुंकत बसलो होतो. "काय करी ऱ्हायना भो?" मी सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी गिटार उचलली, एक डोळा मिटला आणि बंदुकीचा नेम धरावा तसं मानेच्या कडेवरून पाहिलं. मग म्हणाले, "तुना बोटेस्ना दोष नही शे. इनी मान वाकेल शे."

तोवर मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "किती?"

त्यावर नाना इतके खूश झाले की काय सांगू! 'का' विचारणारे पुष्कळ भेटतात, 'किती' विचारणारा त्यांना हवा असायचा. ते घरून फीलर गेज घेऊन आले. ही पातळ पोलादी पात्यांची जुडी असते. फटीत पाती सरकवून फट मोजायची. मोजमाप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. नानांनी तार दोन्ही टोकांना दाबून धरली आणि मध्यावर, तार आणि मानेवरची धातूची पट्टी यांच्यातली फट मोजली. पंचेचाळीस थाऊ. तारांच्या ओढीनं आणि उन्हानं मान पुढे झुकली होती. खुंट्यांच्या खालची छोटी झाकणी काढली तर आत एक नट दिसला. मानेच्या पोटातून गेलेली लोखंडी सळई तो आवळतो. आमच्याकडच्या एकाही पान्याला तो नट बसेना. नानांनी नळीचा तुकडा तापवला, त्याचं तोंड षटकोनी बोल्टवर ठोकलं आणि अर्ध्या तासात पाना तयार केला.

मग कामाची शिस्त. आधी तारा सैल करायच्या, रोज फक्त पाव फेरा द्यायचा, तारा पुन्हा सुरात आणायच्या, दुसऱ्या दिवशी मोजायचं. मी वहीत रकाने आखले: फेरा, फट, शेरा. चौथा रकाना नानांनी आखायला लावला, 'तपासणारा'. मोजणाऱ्यानं स्वतःच सही करायची नाही, दुसऱ्यानं पाहून करायची, हा त्यांच्या कामावरचा नियम. पंचेचाळीस, छत्तीस, सत्तावीस, सतरा, आठ... आणि शेवटी शून्य. नाना अंगणात जाऊन ओरडले, "बठ्ठं झीरो शे!" सगळं शून्य! उभ्या नोकरीत दोन थाऊच्या खाली कुठलं काम आलं नव्हतं म्हणे. त्या दुपारी त्यांच्याकडून पातेलंभर शेवभाजी आली.

ते गेल्यावर मी तार छेडली. तारा आता लोण्यासारख्या दबत होत्या, पण प्रत्येक सूर खरखरत होता, डब्यात माशी अडकल्यासारखा. मला वाटलं, संपलं. आता मान सरळ आहे, म्हणजे दोष बोटांचाच. नाना कँटीनमध्ये झीरोची गोष्ट सांगत फिरत होते, त्यांना काय सांगणार? मी चार दिवस गप्प राहिलो. पंधरा ऑगस्टला अकरा दिवस उरले. शेवटी शैलानंच कुंपणावरून हाक मारली, "नाना, तुमची झीरो मान खरखरतेय हो!"

नाना आले ते लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन. बेअरिंगचा आवाज ते त्यातून ऐकायचे. टोक गिटारच्या लाकडाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. "वाजव." मी वाजवलं. त्यांचा चेहरा उतरला. "हाई तं रडी ऱ्हायनी..." पुन्हा मानेच्या कडेवरून पाहिलं, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. टर्बाइनचा लांब शाफ्ट स्वतःच्या वजनानं मध्ये किंचित झोळ घेतो; फिटर तो झोळ काढत नाही, तो धरूनच जुळणी करतो. तार तर मध्ये सगळ्यात जास्त हलते, सरळ मानेवर ती पट्ट्यांना घासत होती; तिला हलायला जागा नको? "वीस वरीस शाफ्टना झोळ सांभाळा, आनि आठे इसरी गऊ!" म्हणजे इथंच नेमके विसरले. मग माझ्याकडे वळले. "चार दिन गप्प का बसना?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मना कान बहिरा शे भो, तुना तं नही ना!"

नट उलटा फिरवला, थोडा थोडा. आठला खरखर कमी झाली, दहाला गेली. नानांनी पुन्हा मूठ कानामागे लावली, डोळे मिटले, आणि वहीत सही करून शेऱ्यात लिहिलं, 'ठीक शे.'

पंधरा ऑगस्टला मी एक साधी चाल वाजवली. दोन चुका झाल्या. एक मला कळली, दुसरी शैलानं सांगितली. पण सूर लागत होते, मोकळे, आणि ते माझ्या बोटांतून येत होते. मध्येच डावीकडे पाहिलं तर नाना खुर्ची सोडून स्टेजशी उभे, फळीला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. सगळी वसाहत माझ्याऐवजी त्यांच्याकडे बघून हसत होती. माझं इतकं मन लावून कोणी ऐकलंय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

नाना निवृत्त होऊन धुळ्याला गेले, मी जळगावला आलो. दर पंधरा ऑगस्टला फट मोजून मी आकडा जोडकार्डावर कळवायचो. उत्तराच्या अर्ध्या कार्डावर दोनच शब्द आणि सही यायची. ते मी वहीत चिकटवायचो. यंदा घराच्या रंगकामात राहून गेलं. आज करू, उद्या करू...

गेल्या रविवारी सुनंदा येऊन स्क्रूड्रायव्हर देऊन गेली. मूठ एका बाजूनं गुळगुळीत झाली आहे, कानामागे टेकायची तिथं. मी गिटार काढली, मोजलं, दहा. वहीत लिहिलं, आणि चौथ्या रकान्याशी थांबलो. शैला बघत होती. तिनं माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक लाकडाला टेकवलं, मूठ कानामागे लावली. "वाजवा." मी वाजवलं. तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई! नानांना हे असं ऐकू यायचं?" तिनं पूर्ण चाल ऐकली, पुन्हा एकदा वाजवायला लावली, दोन चुका सांगितल्या. मग वही ओढून सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात न विचारता लिहिलं, 'ठीक शे.'