फळीसह विळी, एक नग

शिवाजी पेठेतल्या एका गॅरेजवाल्याने कळंब्याच्या एका गोठेवाल्याला फसवले, असे फिर्यादीत लिहिले आहे. ते खरे नाही. त्या दोघांनी मिळून मला फसवले आणि त्यात माझ्या स्वयंपाकघरातली विळी गेली. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहे. ही एक फिर्याद मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे आणि मी मरेपर्यंत राहील.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत निरीक्षकाच्या खुर्चीपर्यंत पोचलो. वशिला नव्हता, बापाची जमीन नव्हती. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेले नाही आणि आवाज चढवल्याशिवाय मला काही मिळालेले नाही. दोन्ही गोष्टी पोलीस खात्यात उपयोगी पडतात.

त्या दिवशी सकाळची हजेरी संपत आली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे पन्नाशीचा, पांढरा शर्ट घातलेला एक इसम उभा होता.

"माझी चोरी झालीया."

"काय गेलं?"

"गाडी."

"कुठून गेली?"

"गाडी भायेर उभी हाय की."

अंमलदाराने पेन खाली ठेवले. "म्हणजे चोरीला गेलेली गाडी घेऊन तुम्ही तक्रार द्यायला आलाय?"

"गाडी हाय वो. गाडीखालचं गेलंय."

मी बाहेर जाऊन पाहिले. जुनी सात आसनी जीपगाडी होती. त्याच्या वडिलांनी घेतलेली. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केले आहे. पण गाडी उंटासारखी उभी होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामधून शेळीचे करडू सहज गेले असते.

हकिगत अशी. याचा गोठा उसाच्या रानात. पावसाळ्यात चाकोऱ्या खोल झाल्या की गाडीचे पोट घासायचे. म्हणून याने ती पेठेतल्या गॅरेजमध्ये उंच करून घेतली. गॅरेजवाला पूर्वी तालमीत होता, सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याने गाडीला तोलून धरणारे पुढचे बार पिळून पुढची बाजू वर घेतली आणि मागचे मूळचे स्प्रिंगचे पोलादी पाटे काढून त्या जागी पिकअपचे जाड पाटे घातले. गाडी चार बोटे वर आली. रानात ती छान चालू लागली. घरात मात्र अडली.

गोठेवाल्याची आई त्या गाडीत बसेना. ती बुटकी, अंगाने भरलेली, नऊवारी नेसणारी. पायरी तिच्या मांडीपर्यंत आलेली. मुलाने स्टूल आणले. तेव्हा ती सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "स्टुलावर चढून बसायला मी काय घोड्यावरचा नवरा हाय?" नातीचा साखरपुडा जयसिंगपूरला ठरला होता आणि म्हातारीने जाहीर करून टाकले होते की गाडी खाली येईपर्यंत ती उंबरा ओलांडणार नाही.

गाडी खाली आणायला मूळचे पाटे हवे होते. ते मागायला हा गॅरेजवर गेला तर पैलवान म्हणाला, ते तुम्ही मला दिले होते, मी विकून टाकले. म्हणून ही फिर्याद. मूळ पाट्यांचा विश्वासघाताने अपहार.

एरवी मी असल्या माणसाला चहा पाजून परत पाठवला असता. पण हा इसम आमच्या उपअधीक्षकांच्या घरी दूध घालत होता. गुन्हा नोंद झाला.

जबाब घ्यायला म्हातारीकडे मलाच जावे लागले, कारण ती गाडीत बसत नव्हती. तिने मला नीट न्याहाळले.

"पावणं, पोरानं कुणाला इचारून गाडी वर केली?"

"ते तपासात निघेल."

"त्यात काय निघायचंय? शेजाऱ्यानं नवी उंच गाडी घेतली, ह्यानं जुनीला टाचा लावल्या. लिवा."

मी लिहून घेतले. इतका सरळ जबाब मला क्वचितच मिळाला.

पैलवानाला ठाण्यात बोलावले. कान मुडपलेले, मान दिसत नाही, पण आवाज नरम. परवानगीशिवाय गाडीत असा बदल करणे बेकायदा आहे, हे मी त्याला प्रथम ऐकवले. आरटीओचे नाव काढले की गॅरेजवाला निम्मा होतो, हा अनुभव आहे. तो निम्मा झाला, पण मुद्दा सोडेना.

"साहेब, माल त्येनीच दिला. देवाशपथ, मी कुणाच्या खिळ्याला हात लावत न्हाय."

"दिला असं कुठं लिहिलंय?"

"सौद्यात कोण लिवतंय?"

गोठेवाला तिथेच बसला होता. "मी असलं बोललोच न्हाय. पोरांची शपथ."

दोघेही खरे बोलत होते. खोटे बोलणारा माणूस शपथ घेण्याआधी एकदा दाराकडे बघतो. या दोघांनी बघितले नाही. मग मी जे केले ते कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत. त्यांना समोरासमोर बसवले आणि म्हणालो, "त्या दिवशी सौदा जसा केला तसा इथं परत करा."

आधी दोघे लाजले. गोठेवाला भिंतीकडे बघत म्हणाला, "गाडी वर घ्यायची हाय."

"किती?"

"चार बोटं."

"चार बोटाला खर्च हाय. मागं पाटे बदलायला लागतील." पैलवानाने आकडा सांगितला.

"एवढ्यात मी नवी गाडी घीन की."

"मग घ्या. हितं कशाला आलाय?"

"तुझं नाव ऐकून आलो. तुझा आकडा ऐकला असता तर आलो नसतो."

इथून दोघांनाही रंग चढला. मांड्या थोपटल्या गेल्या, एकमेकांच्या बापांची आठवण निघाली. मला राहवेना. मी गोठेवाल्याला मध्येच म्हणालो, "अहो, एवढ्या लवकर आकडा वर नेऊ नका." हवालदार माझ्याकडे बघत राहिला. शेवटी गोठेवाला ताडकन उठला, "जमत न्हाय, राहू दे," म्हणाला आणि चालू लागला. दारावरच्या शिपायाला वाटले फिर्यादी पळतोय. त्याने त्याला मिठीच मारली.

"सोड त्याला," मी ओरडलो. "सौदा चाललाय."

गोठेवाला उंबऱ्यावर थांबला. पाठ आमच्याकडे, मान अर्धी वळलेली. "ह्याच्या वर एक पैसा न्हाय. गाडीचं जुनं काय निघंल ते ठेव तुला, पर आकडा मोडू नको."

"ठरलं," पैलवान म्हणाला. "या, बसा."

हवालदाराने नुसती भुवई वर केली.

"आता?" मी गोठेवाल्याला विचारले.

"ते आत्ता म्हणलो की," तो म्हणाला. "तवा न्हाय म्हणलो."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे उठून जाण्याचे नाटक केल्याशिवाय सौदा पूर्ण होत नाही. पण उंबऱ्यावर माणूस जे बोलतो ते त्याच्या स्वतःच्याच लक्षात राहत नाही. त्या वेळी त्याचे सगळे ध्यान मागून हाक येते का, याच्याकडे असते. तो तिथे काय देऊन बसला, ते फक्त दुकानदाराला आठवते.

माझ्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. तसा अहवाल मी तयार केला. पण दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर पोचले असावे, कारण उपअधीक्षकांचा फोन आला. "दिला की नाही हे न्यायालय ठरवेल. तुम्ही पाटे हस्तगत करा."

पैलवानाला विकत घेणाऱ्याचे नाव माहीत नव्हते. फिरत्या माणसाला माल दिला होता. गॅरेजशेजारी सीट कव्हर शिवणारा एक माझा खबऱ्या होता. त्याने सांगितले, "पाटे भंगारात न्हाय गेले साहेब. जैसिंगपूरला रस्त्याकडंला एक लोहार बसतोय, त्येच्या भट्टीत गेले."

हे पटण्यासारखे होते. गाडीच्या पाट्याचे पोलाद म्हणजे लोहाराला सोने. त्या पोलादाच्या कोयत्याला वर्षभर दगड लावावा लागत नाही. हे मला चांगले ठाऊक होते, कारण मी स्वतः अलीकडेच तसले एक पाते घेतले होते. कुठे घेतले होते, याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही. तपासात गढलेल्या माणसाला घर दिसत नाही.

लोहाराला ठाण्यात आणले. तो आत आला आणि मला बघून त्याने आनंदाने हात जोडले.

"तुम्हीच की ओ. इळीसाठी तीन डाव उठून गेलता. मी आमच्या मंडळीला म्हणलं, ह्यो एक तर व्यापारी असंल न्हायतर पोलीस."

मी घसा साफ केला. "पाट्यांचं काय केलं?"

"कोयते केले. ऊसतोडीवाले घिऊन गेले. आता कुठल्या शिवारात हायत, देवाला ठावं."

"सगळे?"

"सगळे. इळी तेवढी एक झालती. ती तुमच्याकडंच हाय."

हवालदाराचे पेन थांबले. "साहेब, हे जबाबात घ्यायचं?"

तीस वर्षांहून अधिक काळ मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो की जबाबातला शब्द गाळायचा नाही. "घ्या," मी म्हणालो.

तपास माझ्याकडून काढून माझ्याच हाताखालच्या तरुण फौजदाराकडे दिला गेला. तो दोन पंच घेऊन माझ्या घरी आला. बिचारा इतका ओशाळला होता की दारातच त्याने मला सॅल्यूट ठोकला. माझ्या बायकोने पंचांना चहा दिला आणि मग विळी पुढे केली.

आता मूळ मुद्दा. मी लोहाराकडून फक्त पाते घेतले होते. ज्या फळीवर ते बसवले ती माझ्या सासूबाईंची. सागवानी, वापरून आरशासारखी गुळगुळीत झालेली. जुने पाते झिजून करंगळीएवढे राहिले होते म्हणून बायकोने मला ती फळी देऊन पाठवले आणि बजावले होते, फळीला धक्का लागता कामा नये. आईची म्हणून तिच्याकडे तेवढी एकच वस्तू होती.

"लोखंड न्या," ती फौजदाराला म्हणाली. "फळी माझ्या आईची आहे. ती ठेवून जा."

फौजदाराने विळी उलटी केली. पाते फळीतून आरपार ठोकून खाली वळवलेले. काढायचे तर एक तर पाते मोडणार, नाहीतर फळी चिरणार.

"वहिनी, मुद्देमालात बदल करता येत नाही."

तिने माझ्याकडे बघितले. "जगाशी घासाघीस करता. याच्याशी करा की."

"पंचनाम्यात घासाघीस नसते."

"मग तुमचा उपयोग काय?"

पंचांपैकी एक चहा पिता पिता ठसकला. फौजदाराने लिहिले: फळीसह लोखंडी विळी, एक नग. पूर्ण गुन्ह्यात हस्तगत झालेला मुद्देमाल एवढाच.

पुढे काय व्हावे? गोठेवाला आणि पैलवान यांचे ठाण्याच्या बाकावर बसून बसून सूत जुळले. दोघे मिळून जयसिंगपूरला गेले. तिथल्या एका जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडे त्याच मॉडेलची पाठीमागून ठोकलेली गाडी निघाली. तिचे पाटे काढून आणले, पैलवानाने ते बसवले, पुढचे बार सैल केले, गाडी होती तिथे आली. म्हातारी मान ताठ ठेवून पुढच्या सीटवर बसली आणि साखरपुड्याला गेली. पैलवानही जेवायला होता. मला बोलावणे नव्हते.

दोघांनी न्यायालयात आपसात मिटवल्याचे लिहून दिले. राहिली विळी. गोठेवाल्याने अर्ज केला की लोखंड मूळचे आपले, पैलवानाने हरकत नसल्याचे सांगितले. मी हरकत घेतली. मला विचारण्यात आले, खरेदीची पावती आहे का? रस्त्याकडेच्या लोहाराची पावती कोणाकडे असते? मुद्देमाल आहे त्या स्थितीत फिर्यादीला परत देण्याचा आदेश झाला. आहे त्या स्थितीत म्हणजे फळीसह.

निवृत्त झाल्यावर मी साध्या कपड्यांत कळंब्याला गेलो. म्हातारी पडवीत त्याच फळीवर गुडघा टेकून भोपळा चिरत होती.

"या पावणं. इळी लई झ्याक हाय. आन फळी तर काय, दगूड."

मी नवी फळी करून देतो म्हणालो. शिसवाची देतो म्हणालो. शेवटी पाते तुम्हालाच राहू द्या, वर नवी विळी देतो, एवढ्यावर आलो. तिने भोपळा चिरणे थांबवले नाही.

"मोडून घालायची व्हय चांगली वस्तू?"

मी उठलो. "जमत नसेल तर राहू द्या," म्हणालो आणि अंगणापर्यंत चालत गेलो. फाटकाशी थांबलो, मान अर्धी वळवली. मागून हाक आली नाही. भोपळा चिरल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच की समोरच्याला वस्तूची गरज नसेल तर उठून जाण्याला काही किंमत नाही. आणि सौदा ठरल्यावर शेवटचे वाक्य दोघांनी एकमेकांकडून पुन्हा वदवून घ्यावे. तरुण अधिकाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

पण शिकवण वेगळी आणि हिशेब वेगळा. लोखंड गोठेवाल्याचे, हे न्यायालयाने ठरवले, मी मानले. फळी त्याच्या कुठल्या गाडीखालून निघाली होती? तिचा विश्वासघात कोणी केला? ती मागून नेणाऱ्या गोठेवाल्याने, आपली हरकत नाही म्हणणाऱ्या पैलवानाने, पाते तिच्यात आरपार ठोकणाऱ्या लोहाराने, की 'एक नग' लिहिणाऱ्या माझ्या फौजदाराने? चौघेही कोल्हापूर जिल्ह्यातच आहेत आणि चौघेही हे वाचतील, याची मी व्यवस्था केली आहे. चौघांपैकी एकाने उत्तर द्यावे. मला नको. माझ्या घरी येऊन माझ्या बायकोला द्यावे. ती सकाळी घरीच असते.