सगळ्यांचे सर, माझे व्याही

आमच्या व्याह्यांना अख्खं गाव 'सर' म्हणतं. भाजीवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतात, माझा सख्खा मुलगा म्हणतो. मी व्याही म्हणते. त्यांना सर न म्हणणारं एक तरी माणूस जगात असावं.

गणित शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलता बोलता उजवी बाही झटकतात, अजून खडूची पूड पडत असल्यासारखी. वडील गाड्या दुरुस्त करायचे, घरात शिकलेलं कोणी नाही. हे गॅरेजमधले हात धुऊन रात्रशाळेत जायचे. पुढे मास्तर झाले आणि सगळा जन्म एकाच शाळेत काढला. हेडमास्तर व्हा म्हणून मागे लागले लोक, हे नाही म्हणाले. का, तर हेडमास्तरांना शिकवायला वर्ग मिळत नाही. हे ऐकलं की लोकांचे डोळे भरून येतात. माझ्या पोटात दुखतं.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. गणित चुकलं तर फुली मारायची नाही. जिथपर्यंत बरोबर आलंय तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायचं आणि म्हणायचं, "इथपर्यंत छान आलास. आता इथून पुढं चल." माझा मुलगा गणितात ढ. नवरा लवकर गेलेला, मी दिवसभर मशीनवर शाळांचे युनिफॉर्म शिवत बसलेली. पोराला घेऊन बसणार कोण? त्यांच्याकडे शिकवणीला मीच पाठवला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पोरगं सुधारलं, नाही कशाला म्हणू. पण हळूहळू जेवणाआधी डोळे मिटून बसायला लागलं. का रे, तर "सर बसतात." मग बाही झटकायला लागलं. याच्या हाताला कुठला आलाय खडू? आणि पुढे नोकरीला लागल्यावर एक दिवस म्हणाला, सरांची धाकटी मुलगी मला आवडते. घ्या. फी तर दिलीच होती, आता पोरगाही दिला. सून गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तिच्या बापाबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी व्याह्यांची बायको अंथरुणाला खिळली. अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. व्याह्यांनी शिकवण्या बंद केल्या. तिला भरवतात, पुसून काढतात, वेणीसुद्धा घालतात. वेणी वाकडी येते, एक पेड नेहमी बारीक. गणिताच्या मास्तरांना केसांचे तीन सारखे भाग करता येत नाहीत म्हणून मी तिथं हसले, आणि घरी येऊन रडले. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला पाण्याचा पेला दिला नव्हता. त्या मुक्या, पडून असलेल्या बाईचा मला हेवा वाटला. लाज वाटायला हवी होती म्हणा, पण नाही वाटली.

मागच्या महिन्यात जेवताना मुलगा म्हणाला, "आई, सरांच्या बिल्डिंगमध्ये एक घर रिकामं होतंय. तिकडं राहायला जावं म्हणतो. हिला तिच्या आईचं करता येईल. सर थकलेत आता."

"आणि मी?"

"तू पण चल की."

चल की म्हणे. माझं मशीन, माझी गिऱ्हाइकं, एवढ्या वर्षांची ही खिडकी सोडून मी व्याह्यांच्या जिन्यात जाऊन राहू? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. "तुम्ही जा," मी म्हटलं. तो भात कालवत राहिला. नाही जात, असं काही म्हणाला नाही. माझा एकुलता एक मुलगा जाणार होता, आणि जाणार होता तो त्या माणसाकडे.

महिनाभर मी धुमसले. युनिफॉर्मच्या बाह्या उलट्या लावल्या, परत उसवल्या. शेवटी एका रविवारी सकाळी चपला घातल्या आणि तडक व्याह्यांचं घर गाठलं.

दार नुसतंच लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बायकोचा पलंग, भिंतीवर जुना फळा, त्यावर तिच्या औषधांच्या वेळा. पलंगाशेजारी खुर्चीत बसून, डोळे मिटून यांची प्रार्थना चालली होती. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय, तेव्हा देवाशीही तसंच बोलतात. दोन्ही मुली झाल्या, जावई झाले, कुठला तरी जुना विद्यार्थी झाला. मग म्हणाले, "आणि विहीणबाईंच्या गुडघ्यांना आराम दे."

माझे गुडघे. हे यांना कोणी सांगितलं? मुलानंच, दुसरं कोण सांगणार. घरात मी कण्हले तर त्यानं मान वर केली नव्हती. इथं येऊन मात्र माझे गुडघे सांगून गेला होता.

त्यांनी डोळे उघडले, तशी मी सुरू झाले. "तुम्हाला दोन मुली आहेत, दोन जावई आहेत. देव आहे, अख्खं गाव आहे. मला एकच आहे. शिकवायला दिला होता मी, ठेवून घ्यायला नव्हता दिला."

ते ऐकत होते. बायकोच्या ओठांच्या कोपऱ्यातलं पाणी त्यांनी पुसलं. मग खुर्चीचा आधार घेत उठले आणि तिची उशी सारखी केली.

"तुमचं शेवटपर्यंत बरोबर आहे, विहीणबाई," ते म्हणाले. "मी कालच फोन केला त्याला. म्हटलं, इकडं यायचं नाही. आईला एकटं टाकायचं नाही."

"आणि तुमचं कसं व्हायचं?"

"होतंय की. सवय झालीय."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? बरं सर, म्हणाला."

मी बसलेसुद्धा नाही. घरी आले. मुलगा माझ्या मशीनला तेल घालत बसला होता. कधी न घालणारा.

"आई, ते घर नको म्हटलं," तो म्हणाला. "तुला सोडून मला नाही करमायचं."

हेच ऐकायला मी महिनाभर जळत होते.

"कधी ठरवलंस?"

"आज सकाळी. माझं मीच."

तो खोटं बोलत होता, तेही किती मायेनं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत चहा टाकायला गेले. मुलगा माझ्याकडेच राहिला, पण त्यांनी राहा म्हटलं म्हणून राहिला. मी त्या सकाळी तासभर घरात गप्प बसले असते, तर मला हे कळलंही नसतं.