बाळंतिणीची शिदोरी

माझ्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणाला लागणारं खाणं मी स्वतः बांधलं, स्वतः वाहून नेलं आणि स्वतःच खाल्लं. यातली पहिली दोन कामं उत्तम झाली, असं माझं आजही मत आहे.

तसं मत असायला आधार आहे. मी श्रीमंत पेशव्यांच्या धान्यकोठीवर कारकून होतो. फौज मोहिमेवर निघाली की तिचा शिधा बांधायचं काम आमच्याकडे असे. पीठ कुठं, डाळ कुठं, तुपाचे बुधले कशात गुंडाळायचे, तळाला काय आणि वर काय, हे मी झोपेतही सांगितलं असतं. माझ्या हातच्या गोणीतलं पीठ नर्मदेपार जाऊनही कोरडं राही. (पुढं लढाईचं काय होई, ते विचारू नका. ते खातं वेगळं!)

तर 'ही' बाळंतपणाला माहेरी, नदीपलीकडे येरवड्याला गेली होती. आमचं घर सदाशिव पेठेत. पेठ तेव्हा नवीच वसत होती आणि कसब्यातली मंडळी आम्हालाच गावाबाहेरचे समजत; तिथून येरवडा म्हणजे तर परमुलूख. पण आईनं व्याह्यांकडे आधीच निरोप धाडून ठेवला होता, "वेणांच्या दिवशीचं सगळं खाणं आमच्याकडून येईल. तुम्ही पोरीकडे बघा, चुलीकडे बघू नका." कारण असं, की ही एकदा म्हणाली होती, अंगात बळ येतं ते सासूबाईंच्या हातच्या गुळपापडीनंच. हे वाक्य आईनं आळीत इतक्या वेळा ऐकवलं, की आळीतल्या बाकीच्या सासवा आमच्या दारावरून जाईनाशा झाल्या.

एके दिवशी सकाळी भाजी घेऊन आलेला येरवड्याचा माळी आमच्या ओट्यापाशी थांबला.

"तुमच्या विहीणबाईंनी सांगितलंय, लेकीला पहाटेधरनं कळा येत्यात. ते खायाचं सामान धाडा म्हनं."

आईनं सगळं तयारच ठेवलं होतं. गुळपापडीच्या वड्यांचा डबा, सुंठेची पूड, केशराची पुडी, साजूक तुपाची एक बुधली आणि एरंडेलाची दुसरी. एरंडेल कशाला, तर कळा मंदावल्या तर दुधातून द्यायला. मी ते सामान पाहिलं आणि माझ्यातला कोठीवाला जागा झाला.

"आई, यात पोटभरीचं काहीच नाही!"

"तिला वेणा आल्यात. मोहिमेचं बोलावणं नाही आलं."

"पण किती वेळ चालेल सांगता येतं का? वेढा लांबला तर?"

"गोविंदा, ती मूल जन्माला घालतेय. किल्ला घेत नाहीये."

मी ऐकलं नाही. घरात त्या दिवशी दशम्या झाल्या होत्या, त्या सगळ्या उचलल्या. बरोबर तिळाची तिखट चटणी घेतली.

"वेणा देताना बाई चटणी खाते?" आईनं विचारलं.

"तोंडाला चव येते, आई. फौजेत बघ..."

"फौजेला मुलं होत नाहीत," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

मग मी बांधणी केली. आमच्या कोठीचा नियम होता, आधी लागेल ते वर. मी दशम्या आणि चटणी सगळ्यांत वर ठेवली, त्याखाली वड्या आणि बुधल्या, तळाशी पुड्या. गडी नेमका गावाला गेलेला. म्हणून डोक्याला पगडी आणि पाठीला गाठोडं अशा थाटात मी स्वतःच निघालो. नावेतून नदी ओलांडली आणि ऐन दुपारी सासुरवाडीच्या ओटीवर हजर झालो.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्यात नवऱ्यानं वडीलधाऱ्यांसमोर बायकोच्या बाळंतपणाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. तिचं नाव घ्यायचं नाही, विचारपूस करायची नाही. मूल होणार आहे ही बातमी आपल्यालाही उडत उडतच कळली आहे, असा चेहरा ठेवायचा. आणि हे मी अगदी काटेकोर पाळत असे.

"या, या, जावईबापू!" ओटीवर तपकीर ओढत बसलेले सासरे लगबगीनं उठले. त्यांना मी मामा म्हणत असे. "आज अवचित?"

"सहज," मी म्हणालो. "इकडे आलो होतो." (सदाशिव पेठेतून, भर उन्हात, नदी ओलांडून, पाठीवर गाठोडं घेऊन!)

आतून आवाज आला, "आई गंऽऽ!"

"सगळं क्षेम?" मी विचारलं.

"क्षेम, क्षेम."

"मेले गंऽऽ!" आतून.

"पाऊसपाणी बरं झालं यंदा," मामा म्हणाले.

"बरंच म्हणायचं," मी म्हणालो आणि गाठोडं त्यांच्यापुढे सारलं. "हे आईनं दिलंय. थोडं... खायचं."

एवढं बोलतानाच माझे कान तापले. मामांनी गाठ सोडली. वर काय दिसणार? दशम्या आणि चटणी!

माजघराच्या दाराआड मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, उभ्या होत्या. जावयाशी त्या थेट बोलत नसत. मामांच्या मार्फत बोलत. मामा मध्ये असले की झालं, बाकी आवाज साऱ्या गावाला ऐकू गेला तरी चाले.

"अहो, त्यांना विचारा, सासुरवाडीला यायचं तर शिदोरी बांधून? आमच्या घरात भाकरतुकडा मिळाला नसता?"

"तसं नाही, मामी! ही शिदोरी माझी नव्हे..."

"मग कुणासाठी?" मामांनी विचारलं.

एक शब्द बोलायचा होता. नुसता एक. तो घशापर्यंत आला, मी मामांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं आणि तो परत खाली गेला.

"माझ्यासाठीच," मी म्हणालो.

"बघा!" दाराआडून हुंदका आला. "आणि विहीणबाई सामान धाडणार होत्या ना? ते घेऊन गडी मागून येतोय का, विचारा. सुईण सारखी मागतेय. आम्ही तर त्यांच्या भरवशावर चूलसुद्धा पाण्यापुरतीच पेटवलीय."

मी मान हलवली. ती होकारार्थी हलली. आजवर माझ्या मानेनं इतका मोठा घोळ दुसऱ्या कुठल्याच वेळी घातलेला नाही. त्या क्षणी येरवड्याच्या वाटेवर एक गडी जन्माला आला, आणि घरातले सगळे त्याची वाट पाहू लागले.

माझा बेत असा होता, की अर्धी दशमी खायची, पोट भरलं म्हणायचं, आणि उरलेलं गाठोडं 'आत ठेवा' म्हणून धाडून द्यायचं. बेत वाईट नव्हता. फक्त त्यात मी जावई आहे, हे धरलेलं नव्हतं.

पाट मांडला गेला. रांगोळीची रेघ आली. मामी वेणांच्या खोलीत ये-जा करत असल्यामुळे विटाळ म्हणून त्यांना स्वयंपाकघरात कशाला हात लावता येईना, म्हणून वाढायला मामा. मामांनी पानात एकदम तीन दशम्या टाकल्या.

"मामा, एवढं नको! मी जेवून आलोय."

"पुण्याची माणसं सगळीकडे जेवूनच येतात. चला, बसा!"

मग त्यांची नजर एका बुधलीवर गेली. त्यांनी ती उघडली, नाकाशी नेली. पण तपकिरीनं त्या नाकात काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

"तेल दिसतंय. चटणीवर घ्यायचं ना?"

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझ्या चटणीवर एरंडेलाची धार धरली. सासऱ्याचा हात, जावयाचं पान! चटणी दिसेनाशी झाली.

आता विचार करा. हे एरंडेल आहे म्हणावं, तर जावई एरंडेल घेऊन सासुरवाडीला कशासाठी आला, हे सांगणं भाग. मी दशमी मोडली, चटणीत बुडवली आणि खाल्ली. चव सांगत नाही.

"गोड लागतंय ना?" मामांनी विचारलं.

"आईच्या हातचं आहे," मी म्हणालो.

"मग आणखी घ्या!" आणि दुसरी धार.

दाराआडून मामी म्हणाल्या, "अहो, त्या डब्यात काय आहे? तेही वाढा. उपाशी गेले असं व्हायला नको!" डबा उघडला. वड्या निघाल्या. मी दोन्ही हात पानावर आडवे धरले, तर मामांनी वड्या हातांवर ठेवल्या. एरंडेलाची चव जावी म्हणून मी एक खाल्ली. खरोखर उत्तम झाली होती. मग दुसरी खाल्ली. आग्रहानं तिसरी. पुढच्या आग्रहाशिवायच. मामा मधूनमधून ओटीवर जाऊन वाटेकडे बघून येत होते, "अजून गडी दिसत नाही हो!" मीही मान उंचावून बघत होतो.

तेवढ्यात आतून हिचा आवाज आला. पहिल्यापेक्षा बराच बारीक.

"आई, पुण्याहून आलं का गं काही?"

"जावई आलेत हो दुर्गे!" मामी म्हणाल्या.

"आणि खायला?"

"ते जेवताहेत. तू नको काळजी करूस."

"काय जेवताहेत?"

"स्वतःचीच शिदोरी घेऊन आलेत बाई. गुळपापडीच्या वड्या आणि काय काय."

आणि मग, लग्न झाल्यापासून जिनं मला चार माणसांत 'अहो'सुद्धा म्हटलं नव्हतं, ती माझी बायको साऱ्या येरवड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहोऽऽ! त्या वड्या खाली ठेवाऽऽ!"

सुईण ठकू पदर खोचत बाहेर आली. त्या ओरडण्यानं आधी तिला वाटलं होतं, बाळ आलंच.

"खायाचं कुटं हाय? पोरीत दम न्हाय ऱ्हायला. पोटात काय गरम गेल्याबिगर ती रेटायची न्हाय!"

तिनं माझ्या पानाकडे बघितलं. मामांनी बघितलं. दाराआडून मामी बाहेर आल्या, सगळा संकोच विसरून, आणि त्यांनीही बघितलं. पानात दोन वड्या होत्या. त्यांतली एक चावलेली.

मला भीती वाटली. हसू नका, खरंच वाटली. गोणीच्या गोणी फौजेला पुरवणारा मी, आणि माझी बायको एका खोलीपलीकडे भुकेनं गळाठली होती, आणि तिचं बळ माझ्या पोटात होतं.

"हे सगळं तिच्यासाठीच होतं," मी एकदाचा बोललो. "गडीबिडी कुणी नाही. मीच तो!"

मामींनी पान उचललं आणि तशाच आत गेल्या. नवऱ्याचं उष्टं खायला हिची कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती इतकं कमी उरल्याची. नशीब, तूप, सुंठ आणि केशर यांना माझा हात लागला नव्हता. मी स्वतः धावत शेजारून दूध आणलं, चुलीवरचं पाणी उतरवून तापवलं, सुंठ-तूप घालून दाराशी नेऊन दिलं. ती दोन भांडी प्यायली. ठकू म्हणाली, "आता आला दम." मी जरा बसलो.

"आन् एरंडेल?" ठकूनं विचारलं. "त्येबी येनार व्हतं."

"एरंडेल?" मामांनी बुधली उचलली. ती त्यांच्या हातात फार हलकी दिसली. "हे तर मी... चटणीवर..."

"किती?"

मामांनी बुधली उलटी करून दाखवली. ठकूनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिनं हिच्याकडेसुद्धा त्या दिवशी इतकं काळजीनं पाहिलं नसेल.

"जावाईबापू," ती म्हणाली, "तुमी आता घरात थांबू नगा."

ती हे म्हणेपर्यंत माझ्या पोटात पहिली कळ आली होती.

त्यानंतरची दुपार मी तांब्यासकट नदीकाठच्या बाभळींत काढली. एक कळ ओसरावी, चार पावलं घराकडे टाकावीत, तोच दुसरी! घरात तिचं 'आई गं' चालू होतं, बाभळींत माझं. शेवटी तांब्याचा कंटाळा येऊन मी सरळ नदीतच जाऊन उभा राहिलो. ऊन कलताना मामा काठावर धावत आले आणि ओरडले, "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

मला फार आनंद झाला. पण पाण्याबाहेर येता येईना.

मूल झाल्याचं कळताच बापानं अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान करायचं असतं. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी मला आधीपासूनच धोतर-अंगरख्यासकट पाण्यात उभा पाहिलेला. "केवढा हा धर्म!" त्या म्हणाल्या. मी हात जोडले. ओणवा होतोच.

बारशाला आई येरवड्याला आली. सुईणीला लुगडं देतात, ते तिनं पुण्याहून चांगलं बघून आणलं होतं. ठकूनं ते डोळ्यांना लावलं आणि तिथंच बसून राहिली.

"येकच?" ती म्हणाली.

"का गं?" आईनं विचारलं. "जुळं नव्हतं ना?"

"न्हाय. पन ह्ये लेकीचं झालं. जावयाचं ऱ्हायलं न्हवं?"

आई काहीच समजली नाही. मग मामींनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, दशम्यांपासून बाभळींपर्यंत. सगळं ऐकून झाल्यावर आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आपल्या बोचक्यातून स्वतःला नेसायला आणलेलं जरीकाठी लुगडं काढलं आणि ठकूच्या ओटीत घातलं.

"घे बाई," ती म्हणाली. "ह्याच्या वेळी तुला जास्त त्रास झाला असणार."